ओटोचं पुस्तक आणि बुधवार पेठेतले बाइंडरदादा

जुनं, जपायचं पुस्तक बांधून घ्यायचं असेल तर अप्पा बळवंत चौकामागच्या बोळातल्या या दादांकडे द्या. दुकानाला पाटी नाही. दारातच खळीचं पातेलं दिसतं.

मी तीस वर्षं जर्मन शिकवलं. माझं पुस्तक म्हणजे बाराव्या शतकातला, जर्मनीतल्या फ्रायजिंगचा बिशप ओटो याने पुतण्यावर, सम्राट फ्रेडरिक बार्बारोसावर, लिहिलेला इतिहास. डावीकडे लॅटिन, उजवीकडे जर्मन. समासात आमच्या ह्यांच्या पेन्सिलीच्या नोंदी. ह्यांना जाऊन नऊ वर्षं झाली. पूर्वी एकाकडे बांधायला दिलं होतं, त्याने कडा कापल्या आणि कितीतरी नोंदी अर्ध्या झाल्या. म्हणून या वेळी मी पहिलंच वाक्य बोलले, "कटिंग करायचं नाही." दादांनी शेवटपर्यंत मशीनला हात लावला नाही.

उसवल्यावर त्यांनी आधी पानांचे आकडे लावून पाहिले. "बाई, हा फर्मा भलतीकडे शिवलाय." फर्मा म्हणजे एकत्र शिवलेल्या पानांचा जुडगा. तो नेमका दुसरा भाग संपून तिसरा सुरू होतो तिथला. तिथेच लिहिणारा हात बदलतो. पहिले दोन भाग ओटोचे, पुढचे दोन त्याचा लेखनिक राहेविनचे. दादांनी विचारलं, "मधेच का सोडलं?" मग मी स्टुलावर बसूनच सगळं सांगितलं.

ओटो ऑस्ट्रियाच्या लिओपोल्ड तिसरा याचा मुलगा, आईकडून सम्राट हेन्री चौथा याचा नातू. पॅरिसहून शिकून परतताना पंधरा सोबत्यांसह फ्रान्समधल्या मोरिमोंच्या सिस्टर्शियन, म्हणजे कडक शिस्तीच्या ख्रिस्ती साधूंच्या, मठात शिरला आणि तिथलाच झाला. ११३८ मध्ये बिशप झाल्यावरही त्याने मठाचा वेश सोडला नाही. ११४७ च्या धर्मयुद्धात सैन्याची एक तुकडी घेऊन गेला, ती वाटेतच उद्ध्वस्त झाली. तो स्वतः जेरुसलेमला पोचला. ज्या पुतण्यावर एवढं लिहिलं, त्यानेच १४ जून ११५८ ला ऑग्सबुर्गला निवाडा दिला: बिशपचा इझार नदीवरच्या फ्योरिंगचा पूल आणि बाजार बंद, बव्हेरियाचा ड्यूक हेन्री द लायन याचा म्युनिकचा बाजार कायम, उत्पन्नाचा तिसरा हिस्सा मात्र फ्रायजिंगला. म्युनिकचं नाव कागदावर पहिल्यांदा येतं ते इथेच. माझ्या मते ओटोला हे लागलं असणार.

त्याच वर्षी २२ सप्टेंबरला ओटो मोरिमोंलाच वारला. राहेविन लिहितो, शेवटच्या आजारात त्याने हे हस्तलिखित मागवून घेतलं आणि जाणत्या, धर्मनिष्ठ माणसांच्या हाती दिलं: ज्याच्या शिकवणीवर पाखंडाचा आरोप झाला होता त्या धर्मपंडित गिल्बर्टच्या मताच्या बाजूने कुणाला खुपेल असं काही लिहिलं गेलं असेल तर ते तुम्ही दुरुस्त करा. मरणाच्या दारात माणसाला आपल्या वाक्यांची काळजी वाटावी, हे मला इतक्या वर्षांनीही हलवतं. दादा सुई थांबवून ऐकत होते.

साडेसहाशे रुपये झाले. आठवडा सांगितला होता, बारा दिवस लागले, आणि कापडात फक्त मरून आणि हिरवा मिळाला. पण शिलाई हाताची, पुस्तक टेबलावर सपाट उघडतं, पानं ओढत नाहीत. ह्यांची उरलेली सगळी अक्षरं शाबूत आहेत.

पुठ्ठ्याच्या कण्यावर मी फक्त ओटोचं नाव लिहून दिलं होतं. न्यायला गेले तेव्हा दादा म्हणाले, "आणि तो दुसरा? अर्धं त्याने लिहिलंय ना?" सोनेरी अक्षरं पुन्हा जुळवून त्यांनी राहेविनचं नाव खाली घातलं. त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत.