सुतकातला डबा : कोथरूडच्या पोळीभाजीवाल्या काकू

बाबा गेले त्याला आता दोन महिने होतील. रिव्ह्यू तेव्हाच लिहायचा होता पण हातच चालेना. काकूंनी नाव टाकू नकोस म्हणून बजावलंय (आधीच डबे जास्त झालेत म्हणे), त्यामुळे एवढंच सांगते की कोथरूडमधलं घरगुती पोळीभाजी केंद्र आहे, मदतीला दोन बायका आणि डबे पोचवायला त्यांचा मुलगा.

वैकुंठ स्मशानभूमीतून घरी आलो तेव्हा रात्रीचे साडेनऊ झालेले. पहिल्या दिवशी घरात चूल पेटत नाही, शेजारच्यांनी पिठलं-भात आणून दिला तो कसाबसा गिळला. पण पुढचे बारा दिवस काय? आई, मी, दादा-वहिनी, आत्या, शिवाय भेटायला येणारे वेगळेच. मोबाईलवर जेवणाचं ॲप उघडलं तर पहिलीच बिर्याणीची ऑफर, लगेच बंद केलं. शेवटी वहिनीने काकूंचा नंबर आणला.

काकू फोनवर वाईट झालं वगैरे काही बोलल्या नाहीत. सरळ विचारलं, "फोडणी चालते का तुमच्याकडे?" मला कुठे माहीत! आत्याला विचारलं, ती म्हणाली दिवस होईपर्यंत नाही. मग काकू म्हणाल्या, "बरं, माणसं किती, आणि त्यातली जेवणारी किती?" माणसं पाच, पण आई काही खात नाही म्हटलं तर म्हणाल्या चार डबे देते, आईंचा मऊ भात वेगळा, त्याचे पैसे नकोत.

चवीचं म्हणाल तर बिनफोडणीच्या दुधीला चव ती काय असणार, पण मीठ-मिरची बरोबर, खोबरं ताजं. पोळ्या दुपारी मऊ, रात्री मात्र पापड. एकदा डबा सव्वादोनला आला, फोन केला तर उचलला नाही, आत्या जाम चिडलेली. म्हणून अर्धा स्टार कापतेय. डब्याचे 100 रुपये, मला तरी जास्त वाटले नाहीत. दहाव्याला ओंकारेश्वरावर कावळा शिवता शिवेना, घरी यायला तीन वाजले, तर डबे टॉवेलात गुंडाळून दाराच्या कडीला पिशवीत. कोमट होते अजून.

आईचा भात चार दिवस जसाच्या तसा परत जायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा यायचा, त्यावर कधी एका शब्दाने विचारलं नाही त्यांनी. पाचव्या दिवशी झाकणात मेतकूट आणि लिंबाची फोड होती. आई ओट्याशी उभ्या उभ्या चार घास जेवली. मी पाणी प्यायला आत गेले होते, तशीच मागे फिरले.

आणखी एक. आमच्याकडे कुणाचा डबा रिकामा परत करत नाहीत, साखर तरी घालतातच. पण सुतकातल्या घरचं कोण घेणार, त्यामुळे बाकीचे डबे घासून रिकामेच जायचे आणि रोज आई म्हणायची, "रिकामाच चाललाय गं." चौदाव्या दिवशी गोडाचं झालं तेव्हा तिने स्वतः डब्यात मूठभर साखर घातली, झाकण दोनदा दाबून बघितलं.

रात्री काकूंचा मेसेज आला. "साखर मिळाली. उद्यापासून फोडणी घालू ना?"