घरी मिळालेली पॅलिएटिव्ह केअर : बाबांच्या सात महिन्यांचा अनुभव

बाबांना फुप्फुसाचा कर्करोग होता, मणक्यापर्यंत पोचलेला. वय 76. केमो थांबवताना कर्करोगाच्या डॉक्टरांनी घरी येणाऱ्या पॅलिएटिव्ह टीमचा, म्हणजे आजार बरा होत नसला तरी दुखणं-त्रास कमी करणाऱ्या टीमचा, नंबर एका चिठ्ठीवर लिहून दिला. ती चिठ्ठी तीन आठवडे आमच्या फ्रिजवर चिकटलेली होती. पॅलिएटिव्ह म्हणजे आता हात टेकले, असं घरात सगळ्यांनीच धरून चाललं होतं. हे सगळ्यात आधी लिहितेय, कारण त्या तीन आठवड्यांत बाबा जितके कळवळले, तितके पुढे शेवटपर्यंत कधी कळवळले नाहीत.

टीममध्ये एक डॉक्टर, एक सिस्टर आणि एक समाजसेविका. संस्था देणग्यांवर चालते, आमच्याकडून एक रुपयाही घेतला नाही. सुरुवातीला आठवड्यातून एकदा यायचे, शेवटी शेवटी एक दिवसाआड.

पहिल्या भेटीत सिस्टरनी विचारलं, "काका, दहापैकी किती दुखतंय?" बाबा आयुष्यभर एसटीच्या वर्कशॉपमध्ये राबलेले. "सहन होतंय," एवढंच म्हणाले. मग सिस्टरनी प्रश्न बदलला. "रात्री किती वेळा जाग येते?" बाबा गप्प बसले. आई म्हणाली, "झोपतातच कुठे!" त्याच दिवशी मॉर्फिन सुरू झालं, तीव्र वेदनांवरचं अफूपासून बनणारं औषध.

या औषधाबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण आम्ही घाबरलो होतो ते त्यालाच. मॉर्फिन म्हणजे शेवट आला, नाहीतर व्यसन लागणार, असं आत्याने फोनवर रडत सांगितलं होतं. डॉक्टरांनी अर्धा तास बसून समजावलं. दर चार तासांनी गोळी, दुखो न दुखो, घड्याळाप्रमाणे. रात्री दहाला दुप्पट, म्हणजे पहाटे दोनला उठवायला नको. मध्येच कळ आली तर द्यायची जादा गोळी वेगळी. आणि पहिल्या दिवसापासून पोट साफ होण्याचं औषध, कारण मॉर्फिनने बद्धकोष्ठता होतेच. पहिले दोन-तीन दिवस बाबा पेंगले, मळमळलं, मग ते कमी झालं. चौथ्या दिवशी त्यांनी दाढीचं सामान मागितलं. (डोस मुद्दाम लिहीत नाही, तो प्रत्येकाचा वेगळा असतो.)

गोळ्या आमच्या नेहमीच्या मेडिकलमध्ये मिळत नाहीत. 1985च्या अंमली पदार्थांच्या कायद्यात 2014 साली सुधारणा झाली आणि मान्यता असलेल्या संस्थांना मॉर्फिन ठेवणं सोपं झालं, पण अशा संस्था अजून मोठ्या शहरांतच जास्त. मराठवाड्यातल्या एका गावात माझी मावशी याच दुखण्याने गेली, पॅरासिटामॉलवर. ते आठवलं की अजून पोटात तुटतं. केरळात गावोगाव स्वयंसेवकांनी हे काम उभं केलंय, मग आपल्याकडे का नाही?

आता त्रुटी. रात्री फोन उचलला जायचा, पण घरी कोणी येत नसे. एका रविवारी बाबांना धाप लागली तेव्हा सिस्टरनी फोनवरच सांगितलं: उशांना टेकवून बसवा, खिडकी उघडा, टेबलफॅन चेहऱ्यासमोर लावा, जादा गोळी द्या. वीस मिनिटांत श्वास सावरला, पण ती वीस मिनिटं मी एकटी होते. ज्यांच्या घरी रात्री उठणारं दुसरं माणूस नाही, त्यांनी याचा आधीच विचार करावा. घरी झेपलंच नाही तर राहण्याची सोय असलेली ठिकाणंही आहेत: पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र, 1997 पासूनचं, आणि मुंबईत वांद्र्याला शांती अवेदना सदन, 1986 साली सुरू झालेलं देशातलं पहिलं हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांना ठेवून सांभाळणारी जागा.

शेवटच्या आठवड्यात बाबांनी खाणं सोडलं. आत्या म्हणाली, "उपाशी ठेवता का रे त्याला?" समाजसेविका तिच्याजवळ जाऊन बसल्या. शरीरच आता अन्न मागत नाही, बळजबरीने भरवलं तर ठसका लागेल, असं हळूहळू सांगितलं. मग आत्याच्या हातात ओला कापूस दिला. ओठ ओले करणं, वर तूप लावणं, हे काम तिने शेवटपर्यंत कोणाला करू दिलं नाही.

बाबा पहाटे गेले, स्वतःच्या पलंगावर. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी दाखल्यावर सही करायला नकार दिला. टीमच्या डॉक्टरांनी सकाळी साडेसातला येऊन मृत्यूच्या कारणाचा फॉर्म भरून दिला, म्हणून पुढची धावपळ टळली. घरी शेवट व्हावा असं ठरवलं असेल तर सही कोण करणार, हे आधी विचारून ठेवा.

तेराव्यानंतर सिस्टर एअर मॅट्रेस न्यायला आल्या. उरलेल्या 14 गोळ्या मोजून रजिस्टरमध्ये लिहिल्या, आमची सही घेतली. मग चहाचा कप हातात घेऊन आईजवळ बसल्या आणि विचारलं, "काकू, तुम्हाला रात्री किती वेळा जाग येते?"