31 नंबरची जर्सी घेताय? मग आधी ठरवा, जेनकिन्स की मॅडक्स

शिकागोच्या बेसबॉल टीमची, म्हणजे कब्सची, 31 नंबरची जर्सी घ्यायची म्हटलं की साइझच्या आधी नाव ठरवावं लागतं, कारण शिकागोनं हा एकच नंबर दोन पिचरसाठी (बॉल टाकणाऱ्यांसाठी) रिटायर केलाय, तोही एकाच दिवशी, 3 मे 2009 ला. कब्सच्या घरच्या मैदानात, रिग्ली फील्डवर, डावीकडच्या फाउल पोलवर (हद्द दाखवणाऱ्या खांबावर) बँक्सचा 14 आणि सँटोचा 10 यांच्यासोबत फर्गी जेनकिन्सचा 31 फडकतो, आणि उजवीकडच्या पोलवर विल्यम्सचा 26 आणि सँडबर्गचा 23 यांच्यासोबत ग्रेग मॅडक्सचा 31. दोघंही उजव्या हाताचे, दोघंही हॉल ऑफ फेममध्ये, दोघांनीही साय यंग (लीगमधल्या वर्षाच्या सर्वोत्तम पिचरचं बक्षीस) जिंकलेलं. त्यामुळे नवीन माणूस गोंधळतो ते साहजिक आहे, मीही बरेच दिवस दोन्ही बाजूंनी विचार केला होता.

नंबर रिटायर होणं म्हणजे काय हे आपल्याला वेगळं सांगायला नको. 2017 ला आपल्या पालघरच्या शार्दुल ठाकूरनं श्रीलंकेत सचिनचा 10 नंबर घातला तेव्हा लोकांनी केवढा गोंधळ घातला होता आठवत असेल, बिचाऱ्यानं पुढे 54 घेतला. इथेही भावना तीच आहे, फक्त इथे ते अधिकृतपणे होतं आणि नंबरचा झेंडा ग्राउंडवर लागतो. पण एका नंबरचे दोन मालक हा प्रकार तसा कमीच.

आधी जे कॉमन आहे ते सांगतो, कारण मला या दोघांबद्दल सगळ्यात जास्त आवडणारी गोष्ट तीच आहे. जेनकिन्सच्या नावावर 3192 स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद केलेले बॅटर) आणि 997 वॉक (चार चुकीचे बॉल टाकून फुकट दिलेला बेस). मॅडक्सच्या नावावर 3371 स्ट्राइकआउट आणि 999 वॉक. तीन हजारांच्या वर स्ट्राइकआउट आणि हजाराच्या आत वॉक हे बेसबॉलच्या इतिहासात पहिल्यांदा जेनकिन्सनं केलं, आणि नंतर ज्या मोजक्या लोकांना ते जमलं त्यात मॅडक्स आला, तोही तोच नंबर घालून. आणि दोघांचाही तीन हजारावा स्ट्राइकआउट कब्सच्याच कपड्यात आला, जेनकिन्सचा मे 1982 मध्ये सॅन डिएगोत आणि मॅडक्सचा जुलै 2005 मध्ये रिग्लीवर. म्हणजे नंबर 31 म्हणजे फुकट बेस न देणारा माणूस, हे शिकागोत दोन पिढ्यांनी बघितलंय. तुम्ही कुणाचंही नाव घातलंत तरी ही गोष्ट तुमच्या पाठीवर असणारच.

आता मॅडक्स. खरं सांगायचं तर निव्वळ पिचर म्हणून कोण मोठा असं विचारलंत तर मी मॅडक्स म्हणेन, बहुतेक जण तेच म्हणतील आणि त्यात वाद घालायची माझी इच्छा नाही. 355 विजय, 18 गोल्ड ग्लव्ह (फील्डिंगचं बक्षीस), 1992 ते 1995 सलग चार साय यंग, 1994 ला 1.56 आणि 1995 ला 1.63 अशी ईआरए (नऊ इनिंगमागे स्वतः दिलेल्या रनची सरासरी, कमी तितकी चांगली), आणि ती अशा काळात जेव्हा बाकीच्या पिचरना जोरदार फटके पडत होते. त्याच्याकडे भन्नाट वेग नव्हता, बॉल शेवटच्या क्षणी बॅटरपुढच्या प्लेटच्या कडेला सरकायचा आणि बॅटर बघत राहायचा. ज्यांनी लहानपणी क्रिकेट बघितलंय त्यांना मॅडक्स लगेच कळतो, कारण लाइन-लेंग्थवर विकेट काढणारा बॉलर आपण ओळखतो. माझ्या ओळखीतल्या जवळपास सगळ्या मराठी लोकांना बेसबॉलमधला पहिला पिचर आवडला तो मॅडक्सच, आणि ज्यांना खेळ नुकताच लागलाय त्यांना त्याच्या जुन्या गेम बघायला सांगणं सोपं आहे कारण त्या बघायला मिळतात, नीट कॅमेऱ्यानं टिपलेल्या. जेनकिन्सच्या बाबतीत तसं नाही, त्याच्या चांगल्या वर्षांचं फुटेज फार नाहीये आणि आहे ते तुकड्यातुकड्यांत.

शिवाय मॅडक्स कब्सचाच पोरगा. 1984 ला ड्राफ्टमध्ये (नव्या पोरांच्या निवडीत) कब्सनी घेतला, सप्टेंबर 1986 ला पहिल्यांदा मैदानात उतरला तो चक्क पिंच रनर (दुसऱ्याच्या जागी धावणारा) म्हणून, 17 व्या इनिंगला, आणि मग 18 व्या इनिंगला पिचिंग करताना ह्यूस्टनच्या बिली हॅचरनं होम रन मारला आणि गेम गेली. त्याच पोरानं 1992 ला 20 विजय आणि 2.18 ईआरएवर पहिलं साय यंग जिंकलं, शिकागोसाठी.

आणि मग गेला. इथेच माझं अडतं.

1992 च्या डिसेंबरमध्ये तो अटलांटाच्या ब्रेव्हज टीमकडे गेला. त्यात दोष त्याचा कमी आणि कब्सचा जास्त असं माझं मत आहे, असा माणूस हातात असताना बोलणी फिसकटू देणं म्हणजे काय. पण परिणाम असा झाला की त्याच्या 355 पैकी 194 विजय ब्रेव्हजसाठी आहेत आणि कब्ससाठी 133. त्यानं जिंकलेली वर्ल्ड सिरीज (विजेतेपदाची शेवटची मालिका) 1995 ची, अटलांटाची. अटलांटानंही त्याचा 31 रिटायर केलाय, त्याच 2009 साली. कूपर्सटाउनच्या हॉल ऑफ फेममधल्या त्याच्या प्लाकवर टोपीला कुठल्याच टीमचा लोगो नाही, दोन्ही शहरांचा मान राखायला त्यानं तसं ठेवलं, आणि ते मला सभ्यपणाचं वाटतं, पण जर्सी घेणाऱ्या कब्सच्या फॅननं काय समजायचं? त्यात सगळ्यात जास्त लागतं ते 22 जुलै 1997. मॅडक्सनं पूर्ण नऊ इनिंगची गेम फक्त 78 पिचमध्ये संपवली. कुठे, तर रिग्लीवर, आणि कुणाविरुद्ध, तर कब्सविरुद्ध.

हे सगळं कागदावरचं म्हणून मी कदाचित सोडूनही दिलं असतं. पण माझ्याकडे आधी एक नाव नसलेली 31 होती, पट्ट्यापट्ट्यांची, कुणीतरी भेट दिलेली, आणि ती घालून रेड लाइन मेट्रोनं रिग्लीजवळच्या अॅडिसन स्टेशनला उतरलं की कुणी ना कुणी हमखास हाक मारायचं, मॅडक्स! मी मान डोलवायचो. मग तो माणूस बोलायला लागायचा, आणि दोन मिनिटांच्या आत त्याचे ब्रेव्हजमधले सोबती पिचर ग्लॅव्हिन आणि स्मोल्ट्झ यायचे, मग 95 ची सिरीज यायची, मग ब्रेव्हजचं ते सगळं सोनेरी दशक. प्रेमानं बोलायचे लोक, कुणाचाही हेतू वाईट नव्हता. पण मी रिग्लीच्या दारात उभा राहून कब्सचा निळा रंग अंगावर घालून अटलांटाच्या गोष्टी ऐकतोय, हे मला पुन्हापुन्हा टोचायला लागलं. ऑफिसात तेच, लग्नकार्यात तेच, मेट्रात शेजारी बसलेल्या आजोबांसोबतही तेच. मॅडक्सबद्दल बोलायचं तर गाडी दक्षिणेकडे वळणारच, त्याला इलाज नाही. तुम्हाला याचा त्रास होणार नसेल तर खरंच मॅडक्स घ्या, पण मला झाला, आणि खरं तर त्या एका गोष्टीवरच माझा निर्णय झाला.

जेनकिन्सचं बोलणं शिकागोतच राहतं. तो कॅनडाचा, ऑन्टारिओतल्या चॅटमचा, 1966 ला फिलाडेल्फियानं कब्सना देऊन टाकलेला, आणि पुढच्याच वर्षापासून सलग सहा सीझन, 1967 ते 1972, दरवर्षी 20 किंवा जास्त विजय. त्या काळी रिग्लीवर दिवेच नव्हते, ते 1988 ला आले, म्हणजे घरची प्रत्येक गेम त्यानं दुपारच्या उन्हात टाकली, आणि लेक मिशिगनकडून येणारा वारा उलटा फिरून बाहेर वाहायला लागला की साधा उंच उडालेला बॉल बाहेर जातो अशा मैदानात. कारकिर्दीत 484 होम रन दिलेत त्यानं, आकडा ऐकून लोक नाक मुरडतात, पण जो माणूस बॅटरला घाबरून कडेकडेनं टाकत नाही, सरळ प्लेटवर येतो, त्याला काही फटके बसणारच, आणि म्हणूनच तर ते 997 वॉक.

1971 बघा. 24 विजय, 325 इनिंग, 30 गेम स्वतः सुरू करून स्वतः संपवलेल्या, 263 स्ट्राइकआउट, आणि वर बॅट हातात घेऊन सहा होम रन. सीझनच्या पहिल्याच दिवशी रिग्लीवर समोर सेंट लुइसचा पिचर बॉब गिब्सन, दोघंही हटायला तयार नाहीत, शेवटी दहाव्या इनिंगला बिली विल्यम्सनं होम रन मारला आणि कब्स 2-1 नं जिंकले. त्या वर्षीचं साय यंग जेनकिन्सला मिळालं, पण ते न्यूयॉर्क मेट्सच्या टॉम सीव्हरला मिळायला हवं होतं असं मेट्सवाले आजही म्हणतात, 1.76 ईआरए होती त्याची, त्यांचं म्हणणं अगदीच चूक नाही. पण 325 इनिंग हो! मॅडक्सचं सगळ्यात मोठं वर्ष 268 इनिंगचं आहे, आणि जेनकिन्सनं 1968 ते 1971 सलग चार वर्षं तीनशेच्या वर टाकल्यात. काळ वेगळा होता हे मान्य, तेव्हा पिचर चौथ्या दिवशी परत उभा राहायचा, तरीपण.

आणि 1968. त्या एका वर्षात तो पाच गेम 1-0 नं हरला. पाच वेळा समोरच्यांना एकच रन दिला आणि आपल्या बाजूनं एकही आला नाही, तरी वर्षाअखेर 20 विजय. 1969 ला कब्स आघाडीवर होते आणि शेवटी मेट्सनी गाठून मागे टाकलं, हे तर इथल्या म्हाताऱ्या माणसांना अजून बोचतं. जेनकिन्सला उभ्या कारकिर्दीत एकदाही पोस्टसीझन (ऑक्टोबरातले विजेतेपदासाठीचे सामने) खेळायला मिळालं नाही. 284 विजय आणि ऑक्टोबर एकही नाही.

त्याच्या बाजूनं सगळंच गोड आहे असं मी म्हणणार नाही. 1973 नंतर कब्सनी त्यालाही टेक्सासला देऊन टाकलं, आणि तिथे पहिल्याच वर्षी त्यानं 25 विजय मिळवले, म्हणजे बाहेर जाऊन चमकला हा मुद्दा त्याच्याविरुद्धही लावता येतो. 1980 ला टोरांटोत त्याच्या सामानात कोकेन सापडल्याचं प्रकरण झालं, कोर्टानं त्याला शिक्षेशिवाय सोडलं आणि लीगची बंदीही लवादानं उठवली, पण ज्याला हे खटकतं त्याला खटकणारच, तुमचं तुम्ही ठरवा. मला एवढंच दिसतं की तो 1982 ला परत कब्सकडे आला, तीन हजार पूर्ण केले, 167 विजयांवर आणि 2038 स्ट्राइकआउटवर कब्सचं खातं बंद केलं, आणि तो स्ट्राइकआउटचा आकडा आजही या टीमचा रेकॉर्ड आहे. 1991 ला हॉल ऑफ फेममध्ये गेलेला पहिला कॅनेडियन तो, आणि प्लाकवर टोपी कब्सची. मे 2022 पासून रिग्लीबाहेर त्याचा पुतळाही आहे, बँक्स, सँटो, विल्यम्स यांच्या सोबतीनं.

मॅडक्सही 2004 ला परत आला होता, तीनशेवा विजय त्यानं कब्सकडूनच मिळवला, हे विसरून चालणार नाही. पण 2006 च्या जुलैत डॉजर्सकडे गेला आणि ते पर्व तसं अर्धवटच राहिलं.

तर, लहान मुलाला पिचिंग शिकवायचंय, टीव्हीवर दाखवून समजवायचंय, किंवा घरात कुणी अटलांटाहून आलेलं आहे, तर मॅडक्स घ्या, जर्सी दोन शहरांत चालेल आणि माणूस खेळातला सर्वोत्तम म्हणता येईल असा आहे. पण तुम्ही शिकागोचे असाल, किंवा होऊ पाहताय, आणि रिग्लीवर जाऊन कब्सबद्दल बोलायचंय, तर माझं मन जेनकिन्सकडे झुकतं, थोडंसं नाही, बऱ्यापैकी. त्याचं नाव पाठीवर असलं की साठीच्या पुढची माणसं थांबतात आणि वडिलांसोबत दुपारच्या गेमला आल्याचं सांगतात, असा अनुभव मला मॅडक्सच्या वेळी आला नाही.

फक्त एक लक्षात ठेवा. जेनकिन्सच्या सुरुवातीच्या काळात कब्सच्या होम जर्सीवर मागे नाव नसायचं, नुसता नंबर, त्यामुळे जुन्या पद्धतीची हुबेहूब कॉपी घेतली तर ती बिननावाचीच मिळेल आणि दिसायला ती सुंदरच दिसते. पण ती घातली की परत मॅडक्सची हाक येणार. मी म्हणून इतिहास थोडा बाजूला ठेवून नाव छापून घेतलं, मोठ्या अक्षरांत.