गॅरेजमधली रेसकार: जुनी मारुती एस्टीम की होंडा सिटी व्हीटेक?

ऑटोक्रॉस (शंकू मांडून आखलेल्या वाटेवरची, घड्याळाविरुद्धची शर्यत) आणि ट्रॅक-डे (आपली गाडी रेसट्रॅकवर पळवायचा दिवस) यांसाठी घरीच गाडी बांधायची, पण पाया कुठला घ्यायचा, यावर पुतण्याचं घोडं अडलंय. माझं मत असं.

ताकद: सिटीचं १.५ लिटर व्हीटेक (वेगानुसार व्हॉल्व्हची उघडझाप बदलणारं) इंजिन १०६ बीएचपी देतं, एस्टीमचं १.३ लिटर एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला वेगळं इंधन फवारणारं) सुमारे ८५. लांब सरळ पट्ट्यावर सिटी पुढे जाणारच. शंकूंमधल्या वळणावळणाच्या ऑटोक्रॉसमध्ये मात्र हलकी एस्टीम तिला जेरीस आणते.

सुटे भाग: माझ्या लेखी हाच खरा मुद्दा. एस्टीमचं जी१३ घराण्यातलं इंजिन जिप्सीत होतं, पहिल्या पेट्रोल स्विफ्टमध्येही. त्यामुळे भाग भंगारबाजारात मिळतात आणि गल्लीतला मेकॅनिकही ते डोळे झाकून खोलतो. व्हीटेकचा चांगला सिलिंडर हेड (इंजिनचा वरचा भाग) शोधायला वणवण करावी लागते, मिळाला तर किंमतही तशीच.

गंज: दोन्ही म्हाताऱ्या. घेण्याआधी फ्लोअर आणि सस्पेन्शनचे माउंट टोकरून पाहा. पत्रा कुजका असेल तर फुकटातही नको.

रोलकेज (गाडी उलटली तर चालकाला वाचवणारा आतला नळ्यांचा पिंजरा): इथे दोन्हींचा खर्च जवळपास सारखा, आणि काटकसर अजिबात नको. मुख्य हूपला (चालकाच्या पाठीमागच्या कमानीला) एफआयए या जागतिक मोटरस्पोर्ट संघटनेच्या नियमाप्रमाणे ४५ × २.५ किंवा ५० × २ मिलिमीटरची सीमलेस (बिनजोडाची) नळीच हवी. वेल्डिंग जाणकाराकडूनच करून घ्या.

पहिलीच गाडी, हात मळवून शिकायचं असेल तर एस्टीम. हात बसलाय, खिसा सैल आहे आणि कोइंबतूरच्या करी रेसट्रॅकवर फेरीची वेळ कमी करायची आहे, तर सिटी. पुतण्याने एस्टीमच घ्यावी.