हॅचरीतली क्लाउनफिशची जोडी: घ्यावी का?

जरूर घ्यावी. हॅचरीत, म्हणजे मत्स्यपैदास केंद्रात, वाढलेला ऑसेलॅरिस जातीचा क्लाउनफिश दाणेदार खाद्य लगेच खातो, आणि ब्रूकलिनेला या परजीवीचा धोकाही कमी. समुद्रातून पकडलेल्या माशाच्या अंगावर या परजीवीमुळे चिकट पांढरा थर येतो. उपचार लांबला तर मासा काही दिवसांत जातो.

निवडताना एक मोठा आणि एक स्पष्ट लहान घ्या. या जातीत वरचढ मासा मादी होतो, त्याच्या खालचा नर राहतो. मादी मेली की नराची मादी होते, पण मादीचा पुन्हा नर होत नाही. म्हणून दोन जुन्या माद्या एकत्र सोडल्या तर एकीचा जीव जाऊ शकतो.

लांबून पार्सल आले असेल तर उघड्या पिशवीत तासभर टाकीचे पाणी थेंबथेंब सोडत बसू नका, इथेच बरेच मासे दगावतात! बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइडमुळे सामू (pH) उतरलेला असतो. उघडताच तो चढतो आणि साठलेला अमोनिया विषारी बनतो. क्वारंटाइन टाकीचा (नवे मासे आधी वेगळे ठेवायची टाकी) खारेपणा विक्रेत्याच्या पाण्याइतका आधीच ठेवा, बंद पिशवी २० मिनिटे तरंगवा, मग मासा लगेच हलवा.

जोडीला ८० लिटर पाणी, २६ अंश तापमान पुरते. समुद्रफूल (सी अ‍ॅनिमोन, क्लाउनफिश ज्यात राहतो तो सागरी जीव) मात्र सोबत घेऊ नका. नव्या टाकीत ते मरते आणि पाणी नासवते.