पोर्टफोलिओची वेबसाइट: गणपतीपासून वापरतेय, आता सविस्तर लिहिते

मी पुस्तकांची मुखपृष्ठं, दिवाळी अंकातली रेखाटनं आणि अक्षरलेखन करते. राहायला डोंबिवली, कामं बहुतेक दादर-गिरगाव आणि थोडी लोअर परळच्या जाहिरात एजन्सींची. आधी एका रेडिमेड वेबसाइट बिल्डरवर पोर्टफोलिओ, म्हणजे कामांचे नमुने, होता, दिसायला झकास पण फोनवर उघडायला जाम वेळ आणि दर महिन्याला पैसे. गेल्या गणपतीत तो बंद केला आणि साधी एचटीएमएलची (वेबपानाच्या कोडची) पानं करून गिटहब पेजेस या सेवेवर टाकली, होस्टिंग फुकट, डोमेनचे तेवढे वर्षाला भरायचे. आता पावसाळा तोंडावर आलाय, म्हणजे बऱ्यापैकी वापरून झालंय, आणि मला ही साइट मनापासून आवडते.

माझ्याकडे येणारी माणसं तीन तऱ्हेची. एजन्सीतला आर्ट डायरेक्टर मोठ्या स्क्रीनवर बघतो, बाजूला आणखी चार जणांचे टॅब उघडे असतात, दोन मिनिटांत ठरवतो. प्रकाशक काका फोनवर बघतात, अक्षरं मोठी करून, आणि त्यांना शीर्षक नीट वाचता येतंय का आणि ही बाई वेळेत काम देते का एवढंच हवं असतं. लग्नपत्रिकावाल्यांकडे लिंक व्हॉट्सॲपवर फॅमिली ग्रुपमधून जाते आणि आत्यापासून नवऱ्या मुलापर्यंत सगळे बघतात, त्यांना साधारण खर्च आणि फोन नंबर पाहिजे.

बऱ्याच साइट्सवर होमपेजलाच 'तुम्ही कोण?' अशी बटणं असतात, मला ते अजिबात पटत नाही. एक तर पाहुण्याला दारातच चौकश्या कशाला, आणि दुसरं म्हणजे माझ्या साइटवर होमपेजवरून कोण येतंच नाही हो, मी जी लिंक पाठवते तीच उघडली जाते. म्हणून पुस्तकं, पत्रिका, जाहिरात अशी तीन पानं केलीत आणि प्रत्येक पान स्वतःच्या पायावर उभं आहे, वर नाव, मी काय करते त्याची एक ओळ, एक दणदणीत चित्र आणि फोन. ज्याला जे हवं त्याला तीच लिंक. काम तेच, सांगणं वेगळं. एकाच दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ माझ्याकडे दोन पानांवर आहे. पुस्तकांच्या पानावर खाली लिहिलंय की कण्यावरचं शीर्षक कपाटात उभं लावल्यावरही वाचता येतं आणि मलपृष्ठावर बारकोडला जागा सोडली आहे. जाहिरातीच्या पानावर त्याच चित्राखाली पहिली तीन पेन्सिल स्केचेस आहेत आणि त्यातलं दुसरं का निवडलं ते दोन ओळीत. आर्ट डायरेक्टर लोक फोन करतात तेव्हा हमखास त्या स्केचेसबद्दलच विचारतात.

व्हॉट्सॲपवर लिंक टाकली की जो छोटा चौकोन येतो ना, चित्र आणि शीर्षकाचा, तो ओपन ग्राफच्या टॅगमधून, म्हणजे पानाच्या कोडमधल्या काही ओळींमधून येतो, आणि अर्धे लोक तिथेच ठरवतात उघडायचं की नाही. प्रत्येक पानाला वेगळं चित्र ठेवा, १२०० बाय ६३० पिक्सेल, शीर्षक मराठीत. माझ्या पत्रिकेच्या पानाला याचाच सगळ्यात जास्त फायदा झाला.

आता मराठीबद्दल, कारण यावर कोणी लिहीतच नाही. इंग्रजी टेम्प्लेटमध्ये शीर्षकांना लेटर-स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमध्ये जास्तीचं अंतर, दिलेलं असतं, ते देवनागरीला लागलं की शिरोरेखा तुटते आणि शब्दाचे तुकडे दिसतात, तर ते शून्य करा. ओळींमधलं अंतर वाढवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीला धडकतो. फॉन्ट मी 'मुक्त' नावाचा घेतलाय, आपल्या मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्यांचा, गूगल फॉन्ट्सवर मोफत आहे आणि बारीक साइजलाही सुरेख वाचता येतो. आणि पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी आहे हे सांगाच, कारण ज्या फॉन्टमध्ये सोय असते तिथे आपल्या वळणाचे ल आणि श त्यानेच येतात आणि स्क्रीन रीडरलाही (स्क्रीनवरचं वाचून दाखवणाऱ्या सोयीला) मराठी आवाज निवडता येतो.

स्क्रीन रीडरचं सांगते. माझा एक मित्र बँकेत आहे, त्याला दिसत नाही, तो फोनवर टॉकबॅक हा स्क्रीन रीडर लावून सगळं करतो. जुनी साइट त्याच्या फोनवर 'इमेज, आयएमजी, अंडरस्कोर, फोर, झिरो' असं काहीतरी बडबडत सुटायची, ऐकवत नव्हतं. नव्या साइटवर प्रत्येक चित्राला मी वर्णन लिहिलंय, म्हणजे 'मुखपृष्ठ: हळदी रंगावर काळ्या शाईत बैलगाडी, शीर्षक डाव्या कोपऱ्यात, जाड बोरूच्या अक्षरात'. तो ऐकून म्हणाला, आत्ता कळलं तू नेमकं करतेस काय. ही वर्णनं लिहायला पूर्ण रविवार गेला आणि तो सत्कारणी लागला असं मी म्हणेन.

रंगांचं पण तसंच. आपल्या डिझायनर मंडळींना पांढऱ्यावर फिका राखाडी फार आवडतो. डब्ल्यूसीएजीच्या, म्हणजे वेबसाइट सगळ्यांना वापरता यावी म्हणून केलेल्या नियमात साध्या मजकुराला ४.५:१ कॉन्ट्रास्ट (अक्षर आणि मागच्या रंगातला उजेडाचा फरक) लागतो, #९९९ हा फिका राखाडी पांढऱ्यावर जेमतेम २.८५ भरतो, त्याहून गडद #७६७६७६ ला कुठे ४.५ पार होतं. दुपारी उन्हात प्लॅटफॉर्मवर उभं राहून फोन बघणाऱ्यालाही गडद अक्षरच वाचता येतं, चष्मा असो नसो.

स्पीडसाठी चित्रं वेबपी या कमी वजनाच्या फॉरमॅटमध्ये, फोनला लहान आणि डेस्कटॉपला मोठी. गूगलच्या हिशोबात मुख्य चित्र २.५ सेकंदात दिसलं तर चांगलं, मी ते धरून चालते. छपाईच्या शाईच्या रंगांची सीएमवायके फाइल सरळ टाकू नका, स्क्रीनच्या रंगांची आरजीबी करून घ्या, नाहीतर लाल भलताच दिसतो.

त्रासही आहे. नवीन काम टाकायचं तर पान हाताने लिहावं लागतं, मराठी-इंग्रजी दोन्ही ठेवायचं म्हणजे दुप्पट काम, आणि गिटहब पेजेसवर संपर्काचा फॉर्म स्वतःचा चालत नाही, मी व्हॉट्सॲपची लिंक दिलीय आणि लोकांना तीच बरी पडते. कोडला हात लावायचाच नसेल तर या वाटेला जाऊ नका.

आणि हो, वेबसाइट असली तरी एजन्सीवाले पीडीएफ मागतातच. मी वेगळी बनवत नाही, त्याच पानाला प्रिंटसाठी वेगळी स्टाइल लिहिलीय, ब्राउझरमधून सेव्ह केलं की पीडीएफ तयार. फक्त साइज बघून घ्या, जीमेलला २५ एमबीच्या वर फाइल जोडता येत नाही.