रातांब्याचं (कोकमाचं) कलम लावू की बियांचं रोप?

पाऊस तोंडावर आला की हा प्रश्न हमखास येतो म्हणून एकदाच लिहून टाकतो. परड्यात चार-पाच झाडंच लावायची असतील तर डोळे मिटून कलमं घ्या, पण अख्खा उतार मोकळा असेल तर नुसत्या कलमांच्या भरवशावर राहू नका.

रोपाचा मोठा घोळ म्हणजे नर-मादी. रातांब्यात नर झाड वेगळं, मादी वेगळं, आणि बियांच्या रोपांत साधारण निम्मे नर निघतात, ते कळतं कधी तर फुलोरा आल्यावर, म्हणजे सात-आठ वर्षं पाणी घालून झाल्यावर! आमच्या आजीने विहिरीकडे तीन लावली, दोन नर निघाली, तिसऱ्याला फळं भरपूर पण पिकायची नेमकी मृगात, मग कसली आमसुलं सुकतायत, सोलांवर (सुकत घातलेल्या सालींवर) बुरशी.

कलम फळ धरणाऱ्या मादी झाडाच्या काडीचं, त्यामुळे चार-पाच वर्षांत फळ. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची 'कोकण अमृता' (१९९७) घेतलीत तर बराचसा माल पावसाआधी हाती येतो, 'कोकण हातीस'चं फळ मोठं. फक्त नर्सरीत विचारा की काडी सरळ वाढणाऱ्या शेंड्याची आहे ना, आडव्या फांदीची असली तर झाड उंच न जाता पसरत बसतं. आणि दहा झाडांत एक नर ठेवाच.

मग रोपं कशाला? मे महिन्यात रानात फिरा, एकाचं फळ लिंबाएवढं तर शेजारच्याचं सुपारीएवढं, एकाची साल जाड, एकाची पातळ, कुठे काळपट लाल तर कुठे चक्क पांढरा रातांबा, एक एप्रिलमध्ये पिकतो, दुसरा पावसात भिजतो. वर सांगितलेल्या जातीसुद्धा असल्याच झाडांतून निवडलेल्या. एका जातीची शंभर कलमं म्हणजे एकच झाड शंभरदा, रोग आला किंवा मोहराच्या वेळी हवा फिरली की सगळ्यांना सारखाच फटका. आणि आंबा-काजूसाठी रान साफ करताना हीच जुनी झाडं आधी तुटतात.

मी स्वतः अर्धी विद्यापीठाची कलमं लावली, काही रोपं कुंपणाकडेला सोडली (नर निघाला तरी परागाला उपयोगी), आणि बाकी आपल्याच रानातल्या जाड सालीच्या, लवकर पिकणाऱ्या झाडांच्या काड्यांची कलमं बांधून घेतली. त्यासाठी झाडाला मे महिन्यातच चुन्याची खूण करा, पावसात सगळी सारखीच हिरवी दिसतात.